साक्षगंधाच्या दिवशीचा चेहरा

प्रताप नगर, नागपूर
१२ जानेवारी २०२५

दीक्षा,

जय भीम. तुझा हुकूम पोचला. यापुढे फोन नाही, व्हिडिओ नाही, व्हॉट्सॲप नाही. जे काय सांगायचं ते कागदावर. ठीक आहे. काल पत्ता घातलेलं पाकीट घेऊन तिकिटं आणायला गेले, तर पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाने जर्मनीचा पत्ता वाचला आणि म्हणाला, "मॅडम, आजकाल पत्र कोन पाठवते?" मी म्हटलं, "ज्याले फोनवर येऊ देत नाई, थे पाठवते." तो हसला. मला हसू आलं नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी टाइप केलंस, मग छापलंस आणि मग पाकिटात घातलंस, म्हणजे अक्षरावरूनही आईला काही कळायला नको. खाली सहीसुद्धा नाही, नुसतं छापील नाव. तू लिहितेस, "फोन उचलला की पहिल्याच मिनिटात तू सांगतेस, सर्दी झाली, रडली, कोणाशी तरी बिनसलं. मग माझ्याकडे सांगायला काही उरतच नाही." अगं, पण यातलं खोटं काय होतं? सर्दी होती. रडली होतीस. बिनसलंही होतं. तू व्हॉट्सॲपवर शेवटची कधी दिसलीस ते पाहून मी ओळखायचे की पोरीला झोप लागली नाही, तर तेही तू बंद करून टाकलंस. धन्य आहे तुझी.

कागदावर मला काही दिसत नाही हे मात्र खरं. माझी सगळी हुशारी माणसाच्या तोंडावर आणि आवाजावर चालते. तुझी हुशारी वेगळी. रेल्वेचा सिग्नल चुकणार नाही हे तू एकेक पायरी मांडून सिद्ध करतेस आणि त्याचा तुला पगार मिळतो. शाळेतही तुझं असंच होतं. उत्तर मनात तयार असलं तरी सगळ्या पायऱ्या लिहिल्याशिवाय तू वही मिटायची नाहीस. तुझे बाबा म्हणायचे, "हिले घाई नाई, आन तुले दम नाई." ते हिंगण्याच्या कंपनीत मशीन तपासायचे, त्यांना घाई न करणारी माणसं आवडायची.

आणि तुझ्या-प्रशिकच्या साक्षगंधाच्या दिवसाचं म्हणशील, तर मी आजही माफी मागणार नाही. वंदना झाली होती, प्रशिकची आई अंगठीची डबी उघडत होती, आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तुझं तोंड एकदम पांढरं पडलं होतं. डोळे भरलेले, ओठ दाबून धरलेले. मी उठले आणि म्हणाले, "थांबा. माझ्या पोरीच्या मनात नाही हे." मागे केटररच्या भांड्यांचा तेवढा आवाज. एका म्हातारीने विचारलं, "काहून वं पोरी, खरं हाय का?" तू मान खाली घालून बसलीस. नाही म्हणाली नाहीस. प्रशिककडची माणसं न जेवता उठून गेली. अंकुशमामा माझ्याशी वर्षभर बोलला नाही. नातेवाईक म्हणाले, नवरा गेला तेव्हापासून जयाचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणू देत. बाबांना जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, त्या दुःखात मी निदान पोरीचं एक आयुष्य वाचवलं.

तू माझ्यावर चिडलीस, कारण तुझं तुला बोलू दिलं नाही. हे मला मान्य आहे. मी तुझ्या आधी बोलले, पण बरोबर बोलले.

स्वेटर घाल. इथे थंडी आहे, तिथे तर असणारच.

आई


९ मार्च २०२५

दीक्षा,

तुझं पत्र आलं. केवढं मोठं! पाकिटावरचा पत्ता त्याहून लांब होता. बर्फ पडला, काम चांगलं आहे, नवीन घराला मोठी खिडकी आहे. मी ते पत्र उजेडात धरून पाहिलं, काही खोडलेलं दिसतं का म्हणून. संगणकावर खोडलेलं दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं. हसू नकोस.

इकडची एक गंमत. आमच्या धंतोलीच्या दवाखान्यात पुण्याची एक पोरगी प्रशिक्षण द्यायला आली होती, पायल नावाची. सगळ्या कर्मचाऱ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं आणि म्हणाली, बुद्धी एकच नसते. गणिताची वेगळी, भाषेची वेगळी, सुरांची वेगळी, हाताच्या कामाची वेगळी. आणि एक असते दुसऱ्याचं मन ओळखायची. मग पडद्यावर माणसांचे नुसते डोळे दाखवले. हा घाबरलेला आहे की लाजलेला, ही चिडलेली आहे की कंटाळलेली, सांगा. डॉक्टर लोक चुकले, सिस्टर चुकल्या, मॅनेजर तर सगळ्यांना रागावलेलंच म्हणत होता, कारण त्याला सगळे तसेच दिसतात. माझं एकही चुकलं नाही. पायल म्हणाली, "मॅडम, ही जन्मजात देणगी आहे." प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजवल्या. दहावीत गणितात गटांगळ्या खाल्लेल्या बाईला साठीच्या आत कुणीतरी हुशार म्हटलं. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र ते दाखवायला कुणी नव्हतं. बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि त्यांनाच वाचून दाखवलं.

खरं सांगू का, ही देणगी घरात कामाची नाही. ओळखायला माणूस लागतं. शेजारची अश्लेषा पूर्वी वाटी घेऊन साखर मागायला आत यायची, आता दारातूनच बोलते. का, तर मी एकदा तिला म्हटलं, "सासूबाईंशी झालं वाटते काही." झालं होतंच. पण तेव्हापासून ती माझ्यासमोर तोंड सारखं हसरं ठेवते आणि पटकन जाते. भिशीच्या बायकाही हल्ली माझ्या बाजूची खुर्ची शेवटी भरतात. संध्याकाळी मी टीव्ही लावते, मालिकेतली कोणती सून खोटं बोलते आहे ते आधीच ओळखते, आणि बंद करते.

आणखी एक. चौकात प्रशिक भेटला. बायको बरोबर होती, कडेवर लेकरू. वाकून नमस्कार केला त्याने मला, काही मनात ठेवलं नाही. चेहऱ्यावर समाधान होतं, मी पाहताच ओळखलं. तेव्हा बघ, तुझंही बरं झालं, त्याचंही बरं झालं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


२७ एप्रिल २०२५

दीक्षा,

या वेळी तुझं उत्तर आलं नाही. टपाल कुठे अडकलं असेल.

ऊन फार आहे. कूलरमध्ये पाणी भरलं की तासाभरात संपतं. मी चौकशीच्या काउंटरवरून रेकॉर्ड रूममध्ये आले आहे. जुन्या फायली लावायच्या. गुडघे दुखतात, दिवसभर उठबस होत नाही, म्हणून मीच बदली मागितली. तळमजल्यावर आहे, गार आहे. माणसांची कटकट नाही.

बाकी ठीक.

आई


१५ मे २०२५

दीक्षा,

दोन ओळींचं का होईना, तुझं पत्र आलं. "रेकॉर्ड रूम तुला आवडणार नाही. काय झालं?" एवढंच. तू तिथे बसून ओळखलंस म्हणजे कमाल आहे. मी विचार करत होते की हे हिला कसं कळलं. मग उमगलं, तू ओळखलं नाहीस, तू हिशेब केलास. जिला माणसांशिवाय करमत नाही ती आपणहून फायलींत जाणार नाही, म्हणजे काहीतरी झालं. आणि मग तू विचारलंस. मी तुझ्या जागी असते तर विचारलं नसतं, सांगून टाकलं असतं.

तर ऐक. गुडघ्यांचं खोटं होतं.

काटोलकडचे संत्र्यांचे मोठे व्यापारी, गणपतराव नावाचे, आमच्याकडे भरती होते. हसरा, बडबड्या माणूस, वॉर्डबॉयलासुद्धा फळं वाटायचा. रिपोर्ट आला, तो वाईट होता. आमच्या मेघा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, कारण अशा वेळी डॉक्टर मला बोलावतात. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माया बायकोले कोनी सांगू नका. मीच सांगीन. पोराचं लगन होऊन जाऊ द्या." आम्ही हो म्हटलं.

बाहेर आले तर बाकावर त्यांची बायको, पुष्पलताबाई. अंगावर भारी साडी, हातभर बांगड्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसलेल्या. तोंड उतरलेलं, नजर जमिनीवर. मी पाहिलं आणि मला कळलं की हिला कळलं आहे. बायकांना कळतंच. एवढं ओझं एकटीने घेऊन बसली आहे बिचारी, असं वाटून माझा जीव तुटला. मी बाजूला बसले, हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाई, तुमाले समजलं हाय, मले दिसून राहिलं. मनात नका ठेवू. जेवढे दिवस हायत, तेवढे त्याईच्या जवळ राहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाचे दिवस?"

त्यांना काही माहीत नव्हतं. मुलीकडच्या लोकांनी लग्नाच्या मांडवावरून रुसवा धरला होता, म्हणून त्या तोंड पाडून बसल्या होत्या. एवढंच होतं.

पुढचं मी लिहीत नाही. पुष्पलताबाईंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. त्यांच्या मुलाने तक्रार केली, ती बरोबरच होती. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी मला खाली पाठवलं. पण मला लागलं ते वेगळंच. गणपतराव माझ्यावर ओरडले नाहीत. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "मॅडम, थे मले सांगायचं होतं. चाळीस वर्सं संसार केला मी तिच्यासंगं. कसं सांगाव, हेच मी रातभर ठरवून राहिलो होतो." आणि तोंड भिंतीकडे केलं. मी उभी राहिले, मग निघून आले.

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा चुकले. थकवा असेल. बाबा गेल्यापासून नीट झोप नाही, ऊनही होतं. पण हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, दीक्षा. अश्लेषाला सांगितलं तर ती दारातूनच बरं झालं म्हणेल. अंकुशला सांगितलं तर तो जुनं काढेल. मी फार एकटी पडले आहे, हे मी आजवर तुला लिहिलं नव्हतं. घरात आले की चपलेचा आवाजसुद्धा माझाच येतो.

तू फोन करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण नियम तुझा आहे.

आई


९ जून २०२५

दीक्षा,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. आपण बोललो ते मी तुझ्यासारखं पायरी-पायरीने लिहून काढते आहे. मला कळलं ते बरोबर कळलं का, हे तू तपास. चुकलं असेल तिथे रेघ मार आणि परत पाठव. माझ्या समजण्यावर माझा आता भरवसा नाही.

पहिलं. तू "आई" म्हणालीस आणि तुझा आवाज कापला. मला लगेच वाटलं, पोरीचा राग गेला, ही समेट करायला फोन करते आहे. मी जीभ दातांखाली धरली. म्हटलं, या वेळी हिचं हिला बोलू द्यायचं.

दुसरं. तू म्हणालीस, "आई, पुष्पलताबाईचं वाचलं मी. तू लिहिलं, पहिल्यांदा चुकली. पहिल्यांदा नाही चुकली तू."

तिसरं. तू साक्षगंधाचं सांगितलंस. अंगठीची डबी उघडली तेव्हा अंकुशमामा दारातून आत आला. त्याने बाबांचा करडा कोट घातला होता. तू म्हणालीस, "एका मिनिटासाठी मले वाटलं, बाबा आले. खरंच वाटलं, आई. मंग तोंड दिसलं." त्या वेळी तुझं तोंड पांढरं पडलं. त्याच वेळी मी तुझ्याकडे पाहिलं.

तो कोट मी दिला होता. माझ्याच हाताने इस्त्री केली होती. अंकुशजवळ धड कपडा नव्हता, आणि मला वाटत होतं की बाबांचं काहीतरी त्या हॉलमध्ये असावं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही विचारलं नव्हतं.

चौथं. तू म्हणालीस, "मले प्रशिक आवडत होता." एवढंच म्हणालीस. मी विचारलं, "मंग तवा बोलली काहून नाईस वं?" तू जे उत्तर दिलंस ते मी जसंच्या तसं लिहिते. "मले वाटलं, आई कधी चुकत नाही. सगळे म्हणतात, जयाले माणसाचं मन दिसते. म्हणजे माझ्याच मनात नसन, आन मलेच समजलं नसन. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही ठेवला." मग म्हणालीस की जर्मनीत गेल्यावर एकेक आठवण घेऊन तू तपासलीस, जसं कामात तपासतेस तसं, कुठे खोट आहे का म्हणून. दोन वर्षं लागली. खोट निघाली नाही. तुला तो हवा होता. तोवर त्याचं लग्न ठरलं होतं.

पाचवं. चौकात तो बायको-लेकरासह भेटला, समाधानी दिसला, असं मी तुला मार्चमध्ये लिहिलं. वर हेही लिहिलं की तुझंही बरं झालं. ते वाचून तू काही दिवस ऑफिसला गेली नाहीस. तुझं उत्तर का आलं नव्हतं, ते मला काल कळलं. मी टपालाला नावं ठेवली होती.

पायऱ्या एवढ्याच. माझी चूक कुठे झाली, तेही मी काढून पाहिलं. तुझ्या तोंडावर दुःख होतं, हे मी बरोबर पाहिलं. पुष्पलताबाईंच्या तोंडावर काळजी होती, तीही बरोबर पाहिली. पण ते दुःख कशाचं, ती काळजी कशाची, हे तोंडावर लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं. मी कधी विचारलं नाही. मला जे दिसलं त्याला मी माझ्या मनातलं कारण लावून दिलं, आणि ते एवढ्या खात्रीने बोलले की तू तेच खरं धरलंस. बुद्धी माझ्याजवळ अर्धीच होती. उरलेली अर्धी माझ्या घरातच वाढत होती आणि तिला मी बोलू दिलं नाही.

जानेवारीत मी लिहिलं की माफी मागणार नाही. आता मागते. मला माफ कर. तू करशीलच असं मी धरून चालत नाही. प्रशिकचं घर आहे, लेकरू आहे, ते आता कुणाला उलटं फिरवता येणार नाही. तू काय गमावलंस ते मला पुरतं कळणारसुद्धा नाही, कारण तो हॉलमध्ये तुझ्याकडे कसा पाहत होता, ते मी पाहिलंच नव्हतं.

आज सकाळी मेघा डॉक्टर रेकॉर्ड रूममध्ये आल्या. गोंदियाच्या एका पेशंटचा भाऊ बाहेर बसला होता, त्याला वाईट बातमी सांगायची होती. "जयाताई, जुनं जाऊ द्या. एकदा त्याला बघून सांगा, झेपेल का त्याला." मी गेले, पाहिलं. तोंड पाहून मनात कितीतरी आलं. मी परत आले आणि म्हटलं, "मले माहीत नाही, मॅडम. त्यालेच विचारा, किती ऐकायचं हाय म्हणून." त्यांना वाटलं, मी रुसले आहे. मी फायली लावत बसले.

काल बोलणं संपल्यावर तू लगेच फोन ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता. मी कान लावून ऐकत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यातून काही कळलं नाही. रागावलेली होतीस, मोकळी झाली होतीस, की आता यापुढे बोलायचं नाही असं ठरवत होतीस, मला सांगता येणार नाही. मग फोन बंद झाला. मी तो हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले.

दीक्षा, तू कशी आहेस? माझी मागची सगळी पत्रं काढून पाहा, हा प्रश्न त्यांत कुठेच नाही. उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालायचे, म्हणून विचारायचं कधी सुचलंच नाही. आज विचारते आहे. टाइप करून लिही, हाताने लिही, फोन कर, नाहीतर वर्षाने कळव. तू जे सांगशील ते मी खरं मानेन.

आई